हात, टोप्या आणि टीना मोदोत्ती

फोटोभर टोप्या आहेत. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांच्या गवती, रुंद काठाच्या सोम्ब्रेरो टोप्या. फोटो उंचावरून काढलेला, त्यामुळे चौकटीत आकाश येत नाही. माणसांची दाटी एवढी की त्यांच्या पायाखालचा रस्ताही धड दिसत नाही. उन्हाने टोप्यांचे माथे पांढरे झाले आहेत आणि काठांखाली सावली साठली आहे. माणसं पुढे चालली आहेत आणि त्यांचे चेहरे टोप्यांखाली गेले आहेत. तरी हा मोर्चा आहे, तो हलतो आहे, हे पाहताक्षणी कळतं.

फोटो १९२६ सालचा, मेक्सिको सिटीतल्या कामगारांच्या मिरवणुकीचा. काढणारी बाई तेव्हा तिशीला टेकली होती. तिचं नाव टीना मोदोत्ती. त्याआधी सहाच वर्षं ती हॉलिवूडच्या एका मूकपटाची नायिका होती. मूकपटात आवाज नसतो. नटीकडे असतो तो चेहरा आणि अंगाची हालचाल. चेहऱ्यावर पोट भरलेल्या या बाईने स्वतः कॅमेरा उचलला, आणि तिच्या सर्वांत बळकट फोटोंतून चेहरेच नाहीसे झाले. त्यांच्या जागी टोप्या आल्या, हात आले, पाठी आल्या, टेलिफोनच्या तारा आल्या, एका माणसाऐवजी त्याचा टाइपरायटर आला. हे कसं घडलं याचा माग काढावा तितकं नवल वाढत जातं, कारण हा सगळा प्रवास जेमतेम सात वर्षांचा आहे. १९२३मध्ये ती हे काम शिकायला लागली आणि १९३०च्या अखेरीस तिच्या हातून कॅमेरा जवळजवळ सुटलाच होता.

टीनाचा जन्म १८९६चा, उत्तर इटलीतल्या उदिने गावी, कारागिराच्या घरात. घरात तोंडं पुष्कळ, मिळकत थोडी. बाप कामाच्या शोधात अमेरिकेला गेला आणि पोरवयातच टीना रेशमाच्या कारखान्यात कामाला लागली. त्याच गावात तिचा काका पिएत्रो मोदोत्ती फोटो स्टुडिओ चालवत होता. काचेच्या निगेटिव्ह, काळोखी खोली, रसायनांचा वास हे तिने लहानपणीच पाहिलं असणार. पण तेव्हा ते काकाचं काम होतं.

१९१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती सॅन फ्रान्सिस्कोला वडिलांकडे पोहोचली. तिथे शिवणकाम केलं, मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे कपडे घालून दाखवायचं काम केलं. त्या शहरात इटालियन वस्ती मोठी, आणि वस्तीची स्वतःची नाटकंही होती. टीना तिथे रंगमंचावर आली, लोकांना आवडली. रूबे द लाब्री रिची नावाचा एक चित्रकार-कवी तिच्या आयुष्यात आला. सगळे त्याला रोबो म्हणत. दोघं लॉस एंजेलिसला गेली, आणि १९२० साली ‘द टायगर्स कोट’ हा चित्रपट आला. टीना त्यात नायिका होती.

तिची भूमिका मारिया नावाच्या गरीब मेक्सिकन मोलकरणीची. ही मारिया एका मेलेल्या स्कॉटिश मुलीचं नाव घेऊन एका श्रीमंत गोऱ्या माणसाच्या घरात वावरते. तो तिच्या प्रेमात पडतो. खरी ओळख उघडी पडल्यावर सगळं फिसकटतं. त्या काळच्या फिल्मचा एक गुण इथे लक्षात घ्यायला हवा. ती फिल्म निळा उजेड चांगला टिपायची, पण तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसे. लालसर ओठ काळे पडायचे, निळे डोळे पांढुरके, फुटल्यासारखे दिसायचे. म्हणून नटनट्या चेहरे फिकट रंगाने लिंपून घेत. टीनाचे केस काळे, डोळे काळे, भुवया ठसठशीत. त्या फिल्मवर असा चेहरा कोरून काढल्यासारखा यायचा. स्टुडिओच्या मंडळींनी यातून एकच अर्थ काढला: ही परदेशी, तापट, धोकादायक बाई. पुढची दोन-एक कामं मिळाली ती याच साच्यातली. काही वर्षांनी मेक्सिकोत तिने आणि एडवर्ड वेस्टनने हा चित्रपट पुन्हा पाहिला. इटालियन मुलगी म्हटली की दिग्दर्शकांच्या डोक्यात खुनशी बाईखेरीज दुसरं चित्रच येत नाही, म्हणून दोघं हसल्याची नोंद वेस्टनच्या रोजनिशीत आहे.

‘द टायगर्स कोट’च्या सुमारास वेस्टन कॅलिफोर्नियातला नामांकित छायाचित्रकार होता. त्याने टीनाचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि ओळखीचं रूपांतर प्रेमात झालं. १९२२च्या फेब्रुवारीत रोबो मेक्सिकोत देवी येऊन वारला. टीना त्याच्यामागे तिकडे निघालेली होती. दुःखात असतानाही तिने रोबोची आणि त्याच्या मित्रांची चित्रं आणि फोटो मेक्सिको सिटीत मांडून दाखवले. थोड्याच दिवसांत वडीलही गेले. त्या शोकाच्या काळात मेक्सिको मात्र तिच्या मनात घर करून राहिला.

१९२३च्या उन्हाळ्यात ती वेस्टन आणि त्याच्या थोरल्या मुलाबरोबर बोटीने मेक्सिकोला निघाली. दोघांत ठरलेलं होतं: टीनाने घर आणि स्टुडिओ सांभाळायचा, स्पॅनिश बोलून गिऱ्हाइकं हाताळायची, आणि वेस्टनने तिला फोटोग्राफी शिकवायची. हा सौदा मला फार महत्त्वाचा वाटतो. वेस्टनची प्रेयसी, वेस्टनची शिष्या अशी तिची ओळख करून देतात. पण ती काही मागून घेऊन निघाली होती. कलाकारांच्या समोर बसण्याचं काम तिला पुरेपूर माहीत होतं. आता तिला कॅमेऱ्याच्या मागची बाजू हवी होती.

पहिली काही वर्षं दोन्ही बाजू एकदमच चालल्या. १९२४मध्ये ती कविता म्हणत असताना वेस्टनने एकाच बैठकीत तिच्या चेहऱ्याच्या डझनावारी निगेटिव्ह घेतल्या. ओठ उघडे, डोळे मिटलेले, मान कलती. ते फोटो बघताना नटी दिसते: शब्द चेहऱ्यावर कसा आणायचा हे तिला ठाऊक आहे. त्याच वर्षी ती स्वतः तेपोत्सोत्लानच्या जुन्या मठात कॅमेरा लावून भिंती, कमानी, लाकडी फळ्या टिपत होती. एकाच बाईचं एकाच वर्षातलं हे काम. एका ठिकाणी ती सगळं चेहऱ्यातून सांगते आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चौकटीत माणूसच नाही.

तिने शिकायला घेतला तो कॅमेरा कसला होता हे समजलं, तर तिच्या फोटोंतली शिस्त कुठून आली हे कळतं. पेटीसारखा मोठा, तिकाटण्यावर उभा करायचा कॅमेरा. पुढे भिंग, मागे खरबरीत काच. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालतो आणि काचेवर समोरचं दृश्य पाहतो. ते उलटं असतं: डोकं खाली, पाय वर, डावं उजवीकडे. उलट्या चित्रात ‘हे फूल’, ‘ही पायरी’ असं आधी मनात येत नाही. आधी दिसतात उजेडाचे आणि सावलीचे आकार, तिरप्या रेषा, रिकाम्या जागा. मग काच काढून निगेटिव्ह बसवायची, भिंग बारीक करायचं आणि पुष्कळ वेळ उघडं ठेवायचं. अशा कॅमेऱ्याने दिवसाला ढीगभर फोटो निघत नाहीत. प्रत्येक फोटो आधी ठरवावा लागतो.

छपाई त्याहून नवलाची. टीना आणि वेस्टन त्या काळात प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या कागदावर छापत. आपल्या नेहमीच्या जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या थरात असतात. थर कागदावर बसतो आणि चकाकतो. प्लॅटिनमच्या छपाईत धातू कागदाच्या तंतूंतच उतरतो. चकाकी नाही, राखाडीच्या छटा मात्र इतक्या लांबवर पसरतात की काळा आणि पांढरा यांच्या मधला प्रदेश संपतच नाही. हा कागद उजेडाला फार सुस्त. मोठा करून छापायच्या यंत्राचा दिवा त्याला पुरत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर दाबून उन्हात धरावी लागते. म्हणजे चित्र जेवढं हवं तेवढीच मोठी निगेटिव्ह पाहिजे. लहान कॅमेऱ्याने काढलेला फोटो छापायचा तर आधी त्याची मोठी निगेटिव्ह करून घ्यायची. टीनाने हे सगळं हाताने केलं, घरात, मेक्सिकोच्या उन्हात.

या शिक्षणातून आलेला १९२४चा फोटो म्हणजे ‘गुलाब’. चार पांढरे गुलाब एकमेकांना खेटून ठेवलेले. चौकटीत दुसरं काही नाही, देठ नाही, फुलदाणी नाही. फुलं ताजी नाहीत. पाकळ्यांच्या कडा मऊ पडायला लागल्या आहेत, सुरकुत्या दिसतात. गुलाब म्हटलं की सौंदर्याचं जे ठरीव चित्र येतं ते इथे नाही. इथे पाकळ्या हे पृष्ठभाग आहेत, आणि प्रत्येक पृष्ठभागावर उजेड वेगळा थांबला आहे. पॅलेडियमच्या छटा अशा फोटोत कामी येतात. १९९१ साली याच फोटोची एक प्रत न्यू यॉर्कच्या लिलावात १ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

त्याच सुमाराचा ‘टेलिफोनच्या तारा’ मला गुलाबांहून थोर वाटतो. रिकाम्या आकाशात तारा तिरप्या धावतात. खाली जमीन नाही, माणूस नाही. मेक्सिकोत १९१० ते १९२० क्रांतीची धामधूम चालली होती. ती ओसरल्यावर देश नव्याने उभा राहत होता. शाळा, रस्ते, तारा. तरुण कवी यंत्रांवर कविता लिहीत होते. टीनाने त्या सगळ्या उत्साहातली फक्त तार उचलली आणि आकाशाला बांधली.

१९२५च्या अखेरीस आई आजारी म्हणून ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली, आणि परतली ती ग्राफ्लेक्स कॅमेरा घेऊन. हा कॅमेरा हातात धरता येतो. वरच्या चामडी नळकांड्यात खाली वाकून पाहायचं. आत आरशावरून आलेलं चित्र सुलट उभं दिसतं. कळ दाबली की आरसा वर उडतो आणि कापडी पडदा सरकतो. तिकाटणं गेलं, काळं कापड गेलं. मोर्चा, बाजार, धुणं धुणारी बाई हे सगळं आता आवाक्यात आलं. टोप्यांचा मोर्चा नेमका ती परतली त्याच वर्षीचा, १९२६चा आहे. विशेष हे की हातातला कॅमेरा आल्यावरही तिने उलट्या काचेवर कमावलेली नजर सोडली नाही. रस्त्यावरच्या धांदलीतही तिची चौकट मठाच्या भिंतीइतकी पक्की राहते.

त्याच वर्षी अनिता ब्रेनर या लेखिकेच्या पुस्तकासाठी ती आणि वेस्टन देशभर हिंडले: देवळं, मूर्ती, मुखवटे, खेडी. १९२९मध्ये छापलेल्या ‘आयडॉल्स बिहाइंड ऑल्टर्स’मध्ये ते फोटो आले. १९२६च्या नोव्हेंबरात वेस्टन कायमचा कॅलिफोर्नियाला परतला. टीना राहिली. पुढच्या वर्षी ती मेक्सिकन कम्युनिस्ट पक्षात गेली.

यानंतर आले ते हात. एका मजुराचे हात फावड्याच्या दांड्यावर विसावलेले. चौकट फक्त त्या हातांपुरती. डोकं नाही, पाय नाहीत. कातडीवर माती वाळलेली, नखं फुटकी, शिरा वर आलेल्या. माणूस कोण हे कळत नाही आणि तरी त्याच्याविषयी किती कळतं! दुसऱ्या फोटोत बाईचे हात दगडावर कपडे घासतात. तिसऱ्यात, १९२९मध्ये, कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्याचे हात. बोटांतून निघालेल्या दोऱ्या खाली जातात.

हे हात पाहिले की मला पुन्हा ‘द टायगर्स कोट’ आठवतो. चेहरा पाहिला की माणूस लगेच निकाल देतो: सुंदर, कुरूप, गोरा, काळा, आपला, परका. टीनाने हा निकाल पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्यावर सोसला होता. हाताविषयी असा झटपट निकाल देता येत नाही. हात पाहताना आधी विचारावं लागतं की हा काय करतो. मजुराचा चेहरा दाखवला असता तर पाहणाऱ्याने त्याची कीव केली असती. हात दाखवले तर त्याचं काम दिसतं, आणि कामाची कीव करता येत नाही. तिने हे ठरवून केलं हे मी सिद्ध करू शकणार नाही, पण तिचे फोटो एकाशेजारी एक ठेवले की दुसरा निष्कर्ष मला काढवत नाही.

तिने माणसांचे चेहरे काढलेच नाहीत असं मात्र नाही. आईच्या छातीशी लागलेलं बाळ आहे, काळा झेंडा घेऊन चाललेली बाई आहे, स्टुडिओत येणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो तर पोटापाण्यासाठी होतेच. झेंडेवालीचा चेहराही बाजूने दिसतो. नजर आपल्यावर नाही, पुढच्या वाटेवर आहे.

१९२७च्या सुमारास तिने वस्तूंचे काही फोटो केले. काडतुसांचा पट्टा, मक्याचं कणीस आणि गिटार. दुसऱ्यात गिटारीऐवजी विळा. तिसऱ्यात सोम्ब्रेरोवर विळा-हातोडा. तीन वस्तू एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या, वरून पाहिलेल्या. क्रांती, अन्न आणि गाणं, सगळं चार हात लांबीच्या जागेत. घोषणेचं चित्र इतकं देखणं क्वचितच होतं. मक्याचे दाणे आणि काडतुसांच्या रांगा यांची ठेवण एकसारखी आहे हे एकदा दिसलं की मग नजर त्यावरून हलत नाही.

आणि मक्यावरून गोष्ट थेट आपल्या वर्ध्याला येते. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज सरकार मागावर असल्यामुळे मायदेशी परतण्याची वाट बंद झालेली. देश पालथे घालत ते १९२४मध्ये मेक्सिकोला पोहोचले. शेतीचं शास्त्र ते अमेरिकेत शिकले होते. मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उभ्या केल्या. त्यांच्या या कामाचे, मक्याच्या त्या वाणांचे आणि शाळांचे फोटो टीनाने काढले.

दोघांचे धागे आणखी गुंतलेले आहेत. चापिंगोच्या प्रार्थनागृहात दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रं रंगवली. त्यात धरतीचं रूप म्हणून पहुडलेल्या एका विवस्त्र स्त्रीसाठी टीना बसली होती. खानखोजे शिकवत त्याच आवारात ही भिंत आहे. पुढे मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराने क्रांतीच्या पोवाड्याची चित्रमालिका रंगवली. तिच्यातल्या ‘शस्त्रागारात’ या चित्रात मधोमध चित्रकार फ्रिदा काहलो बंदुका वाटते आहे आणि कडेला टीना हातात काडतुसांचा पट्टा घेऊन उभी आहे. त्याच मालिकेतल्या ‘आपली भाकर’ या चित्रात मेजाशी बसून पाव मोडणारा पुरुष खानखोज्यांवरून काढलेला आहे. उदिनेच्या कारखान्यातली पोर आणि वर्ध्याचा क्रांतिकारक, दोघंही मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर एका चित्रमालेत! खानखोजे पुढे मायदेशी परतले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले. टीनाच्या फोटोंमुळे त्यांच्या ऐन उमेदीतल्या कामाचा डोळ्यांनी पाहता येणारा पुरावा उरला. महाराष्ट्रात या फोटोंची ओळख शाळकरी मुलांनाही असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

भित्तिचित्रकारांच्या कामाच्या नोंदीही टीनाच करत होती. रिव्हेरा, ओरोस्को यांची चित्रं भिंतीवर. ती उचलून न्यू यॉर्कला नेता येत नाहीत. जगाला ती दिसली त्यात मोठा वाटा टीनाच्या फोटोंचा. उंच भिंत, वाकडा कोन, कमी उजेड, आणि फोटो मात्र असा हवा की चित्र सपाट, सरळ, सगळ्या कडांना स्पष्ट दिसावं. या कामात फोटोग्राफरचं नाव मागे राहतं.

१९२८मध्ये हुलिओ अंतोनिओ मेल्या हा क्युबाचा निर्वासित विद्यार्थी नेता तिच्या जवळ आला. टीनाने त्याच्या टाइपरायटरचा फोटो काढला. कळा, फीत, कागदावर अर्ध्यात थांबलेला मजकूर. यंत्र इतकं जवळून की ते एखाद्या इमारतीसारखं दिसतं. माणसाचं व्यक्तिचित्र त्याच्या हत्यारातून काढायची ही तिची रीत. १० जानेवारी १९२९च्या रात्री टीना आणि मेल्या रस्त्याने चालले असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला नाही.

पोलिसांनी संशय टीनावरच घेतला. वर्तमानपत्रांनी तिच्या प्रेमसंबंधांचा पंचनामा मांडला. वेस्टनने काढलेले तिचे विवस्त्र फोटो घराच्या झडतीत सापडले आणि तिच्याविरुद्ध वापरले गेले. तिने आपलं शरीर ज्या विश्वासाने एका कॅमेऱ्यासमोर ठेवलं होतं तो विश्वास असा चव्हाट्यावर आला. रिव्हेरा तिच्या बाजूने उभा राहिला; आरोप टिकले नाहीत.

एवढं झाल्यावर दुसरं कोणी घरात बसलं असतं. टीना त्या वर्षी देशाच्या दक्षिणेला तेहुआन्तेपेकला गेली. तिथल्या बाया बाजार चालवतात, डोक्यावर रंगवलेले मोठे भोपळे घेऊन ताठ चालतात. टीनाने त्यांना चालता चालता टिपलं. काही फोटो हललेले आहेत, काहींच्या कडा कापल्या गेल्या आहेत. मठाच्या भिंतीपुढे तासभर थांबणारी टीना इथे बायांच्या चालीने चालते आहे. मला या फोटोंत तिच्या कामाचं एक नवं वळण सुरू झालेलं दिसतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मेक्सिको सिटीत राष्ट्रीय ग्रंथालयात तिच्या फोटोंचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने ‘मेक्सिकन फोकवेज’ मासिकात तिने फोटोग्राफीवर एक छोटं निवेदन लिहिलं. तिचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला कलावंत म्हणवून घ्यायचं नाही, फोटोग्राफर म्हणावं. फोटोला चित्राची नक्कल करायला लावणाऱ्या युक्त्या नकोत. कॅमेऱ्याला जे प्रामाणिकपणे करता येतं ते करावं, आणि आपल्या काळाची नोंद ठेवावी. या वाक्यांमागे सहा वर्षांचं उन्हातलं, काळोख्या खोलीतलं काम उभं होतं.

दोनच महिन्यांनी, १९३०च्या फेब्रुवारीत, मेक्सिकोच्या नव्या राष्ट्राध्यक्षांवर गोळीबार झाला. धरपकडीत टीनालाही अटक झाली आणि तिला देशाबाहेर काढलं. बोटीने ती युरोपला पोहोचली, बर्लिनला गेली. तिथला उजेड करडा, तिच्या ग्राफ्लेक्सला लागणाऱ्या मापाची फिल्म सहज मिळेना, आणि रस्त्यावर लहानसा लायका घेऊन झटपट फोटो काढणाऱ्यांचा तो काळ. तिच्या हाताला ते वळण पडेना. काही फोटो काढले, छापलेही गेले. ऑक्टोबरात ती मॉस्कोला गेली आणि राजकीय कैद्यांना मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कामात बुडाली. स्पेनच्या यादवी युद्धात मारिया हे नाव घेऊन तिने जखमींची शुश्रूषा केली. १९३९मध्ये ती दुसऱ्याच नावाने मेक्सिकोला परतली. ५ जानेवारी १९४२च्या रात्री मित्रांकडे जेवून घरी जाताना टॅक्सीतच तिचं हृदय बंद पडलं. वय पंचेचाळीस. थडग्यावर पाब्लो नेरुदाने तिच्यासाठी लिहिलेल्या कवितेच्या ओळी कोरलेल्या आहेत.

तिचं नाव बरीच वर्षं वेस्टनच्या चरित्रातल्या एका प्रकरणापुरतं राहिलं. १९७५मध्ये मिल्ड्रेड कॉन्स्टंटाइनने तिचं चरित्र लिहिलं, १९८२मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत तिचे फोटो आणि फ्रिदा काहलोची चित्रं एकत्र दाखवली गेली, १९९५मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. ‘द टायगर्स कोट’ही सुदैवाने नष्ट झाला नाही.

मेक्सिकोत मात्र तिचं काम थांबलेलं नव्हतं. हद्दपार होताना तिने मागे ठेवलेले कॅमेरे एका तरुण जोडप्याकडे गेले: मानुएल आणि लोला आल्वारेस ब्राव्हो. आपले फोटो वेस्टनला पाठवून दाखव म्हणून मानुएलला टीनानेच भरीस घातलं होतं. ‘मेक्सिकन फोकवेज’मधलं आणि भित्तिचित्रांचं तिचं कामही त्याने पुढे चालवलं. लोला मेक्सिकोतली पहिल्या पिढीची मोठी स्त्री-छायाचित्रकार झाली. फ्रिदा काहलोचे आपल्याला माहीत असलेले कितीतरी फोटो तिचे. मानुएल शंभर वर्षं जगला. त्याच्या हाताखाली ग्रासिएला इतुर्बिदे शिकली. तीही आधी सिनेमाचं शिक्षण घ्यायला गेली होती आणि मानुएलच्या सहवासात फोटोग्राफीकडे वळली. १९७९मध्ये ती तेहुआन्तेपेकच्या शेजारच्याच हुचितान गावी गेली, बायकांच्या बाजारात राहिली, आणि तिथे तिला डोक्यावर जिवंत इग्वाना घेऊन विकायला निघालेली एक बाई भेटली. त्या बाईचा फोटो आज हुचितानमध्ये पुतळा होऊन उभा आहे.